पांढऱ्या फळ्यावरचे सात खण

मी एक जुना पांढरा फळा आहे. मित्रांनो, खडूने लिहायचा काळा फळा तुम्ही शाळेत पाहिला असेल. मी त्याच घराण्यातला, पण धाकट्या पातीचा. माझ्यावर खडू चालत नाही, शाईचे पेन चालते. सध्या मी एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत, बिघडलेला पंखा आणि रिकामी खोकी यांच्या मध्ये, भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यासमोर आता कोणी बसत नाही. त्यामुळे बोलायला माझ्याकडे वेळच वेळ आहे. तुम्हाला सवड असेल तर थोडे ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाचा पातळ पत्रा, त्यावर पांढरा गुळगुळीत थर, पाठीला भुशाची फळी आणि चारही बाजूंनी ॲल्युमिनियमची चौकट, एवढेच माझे शरीर. तिथून मी एका स्टेशनरीच्या दुकानात आलो. गिऱ्हाइके यायची, माझ्यावर बोटाने टकटक करायची आणि माझ्यापेक्षा लहान फळा घेऊन जायची. मी आडवा सहा फूट. एवढा मोठा फळा घरात कोण लावणार? वर्षभर मी तोंड भिंतीकडे करून उभा होतो.

मग एका दुपारी दोन बहिणी दुकानात आल्या. थोरली तिशीच्या पुढची, शांत, डोक्यात पेन खोवून विसरणारी. धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान आणि बोलण्यात तिच्या दहा पावले पुढे. लोकांच्या धंद्यासाठी वेबसाइट बनवून द्यायची, असे काम त्यांनी नुकतेच सुरू केले होते. थोरलीने माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, याच्यावर सगळं एका नजरेत मावेल. धाकटीने विचारले की हा लिफ्टमध्ये मावेल का. मी मावलो नाही. तीन मजले त्या दोघींनी मला जिन्याने चढवले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा एक कोपरा भिंतीवर आपटला आणि चेपला. तो आजही तसाच आहे. लाडाचे मूल धडपडतेच, असे धाकटी तेव्हा म्हणाली होती. लाडाचे! दुकानात वर्षभर उभा राहिलेल्या माझ्या कानांना तो शब्द किती गोड लागला असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

त्यांच्या कार्यालयात मागची अडगळीची खोली सोडली तर दोनच खोल्या होत्या. एकीत कामाची टेबले, दुसरीत एक गोल टेबल, चार खुर्च्या आणि मी. माझ्या समोरच्या खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे चष्म्याचे दुकान आणि बसथांबा दिसे. कार्यालयात तिसरा माणूसही काम करत असे, तो म्हणजे वेबसाइट प्रत्यक्ष बांधणारा. दिवसभरात तो जेमतेम वीस शब्द बोलायचा. म्हणून त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. बाबा कसला, पंचविशीतला गडी होता.

थोरलीने काळ्या चिकटपट्टीने माझे सात उभे खण पाडले. प्रत्येक खणावर एकेक शब्द लिहिला: ऐकणे, नकाशा, मजकूर, रूप, बांधणी, तपासणी, सोपवणी. नवीन गिऱ्हाईक आले की त्याच्या नावाने एक रंगीत लोहचुंबक पहिल्या खणात लागायचा. काम पुढे सरके तसा तो खणाखणाने उजवीकडे जायचा. कोणाचे काम कुठवर आले, हे विचारायची कोणाला गरजच नव्हती. मी सांगत असे.

आणि मित्रांनो, थोरली गिऱ्हाइकांना हे सात खण समजावून सांगायची, ते ऐकत राहावे असे असायचे. लोकांना वाटायचे, वेबसाइट म्हणजे काय, चार फोटो टाकले आणि फोन नंबर लिहिला की झाले. आठवड्यात द्या म्हणायचे. थोरली हसून म्हणायची की शिंपी माप न घेता कापड कापायला लागला तर तुम्ही त्याला थांबवाल ना? मग मलाही आधी माप घेऊ द्या. पहिला खण मापाचा. तुमचे काम काय, तुमच्याकडे कोण येते, का येते आणि का परत जाते, हे सगळे त्यात. दुसऱ्या खणात पानांचा नकाशा, म्हणजे आल्यागेल्या माणसाने कुठून शिरायचे आणि कुठे पोचायचे. तिसऱ्यात तुमचे शब्द आणि तुमचे फोटो. ते तुम्हीच आणायचे. तुमच्या घरची गोष्ट शेजाऱ्याने सांगितली तर तिला चव येत नाही. चौथ्या खणात धाकटी चित्र काढते. तेव्हा काय ते बदल सांगा, कारण पाचव्यात मौनीबाबा बांधायला बसतो. भिंत उभी राहिल्यावर खिडकी सरकवायची म्हटली की सगळ्यांच्याच डोक्याला ताप. सहाव्या खणात परका माणूस वेबसाइट वापरून बघतो. सातव्यात किल्ल्या तुमच्या हातात.

हा परका माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्या मावशी. त्यांना बोलावून थोरली काहीही न सांगता मोबाइल हातात द्यायची आणि म्हणायची, मावशी, या दुकानातून एक वस्तू मागवून दाखवा. मावशींचे बोट अडले की मौनीबाबाच्या कपाळाला आठी पडे. त्याने आठ दिवस खपून केलेले बटण मावशींना दिसलेच नाही, असे तीनदा झाले. तो काही बोलायचा नाही. गुपचूप बटण मोठे करायचा.

एक रंगाचे दुकानदार आले होते. त्यांना पहिल्याच पानावर सगळे हवे होते. सगळे रंग, सगळ्या सवलती, त्यांचा स्वतःचा फोटो, वडिलांचा फोटो. थोरलीने त्यांना विचारले की दुकानातले सगळे डबे दारातच रचले तर गिऱ्हाईक आत कुठून येणार. ते खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वडिलांचा फोटो तेवढा राहू द्या." तो राहिला.

अशी चार-पाच वर्षे गेली. माझ्यावर किती लिहिले गेले आणि किती पुसले गेले, याला गणती नाही. पुसण्याचे मला वाईट वाटायचे. तुम्ही म्हणाल, फळ्याचा जन्मच पुसून घेण्यासाठी. खरे आहे. पण एखाद्या माणसाने तासभर मन मोकळे करून सांगितलेले सगळे दोन मिनिटांत नाहीसे व्हायचे, आणि तो माणूस सातव्या खणातून बाहेर पडला की पुन्हा फिरकायचा नाही. त्याचे पुढे काय झाले, हे मला कळायचे नाही. माझ्या वाट्याला नेहमी गोष्टीची सुरुवातच यायची.

एक गोष्ट मात्र मला बरीच पुढपर्यंत कळली. तीच तुम्हाला सांगायची आहे.

एका सकाळी एक वृद्ध गृहस्थ आले. जाड काचांचा चष्मा, बोटांना पडलेले घट्टे आणि अंगाला चामड्याचा वास. ते बूट बनवत. साधे नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड असतो, पाऊल वाकडे असते, किंवा अपघातानंतर पायाचा आकारच बदललेला असतो, त्यांच्यासाठी. अशा माणसाचा पाय ते हातात घेत, त्याच्या मापाचा लाकडी ठोकळा कोरत, त्याला ते कलबूत म्हणत, आणि त्या कलबुतावर बूट चढवत. कार्यालयात त्यांना सगळे जोडेकाका म्हणू लागले. त्यांच्यासाठी हिरवा लोहचुंबक लागला.

पहिल्या खणाचे सगळे प्रश्न झाले. कामाची माहिती त्यांनी भराभरा सांगितली. मग थोरलीने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"काका, ही साइट कोणी बघावी असं तुम्हाला वाटतं?"

बाकीची गिऱ्हाइके यावर लगेच म्हणत, सगळ्यांनी. जोडेकाका काहीच बोलले नाहीत. त्यांनी पाणी मागितले. खालच्या थांब्यावर एक बस आली आणि गेली. धाकटी खुर्चीत चुळबुळ करू लागली, काहीतरी बोलणार होती, पण थोरलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग ते म्हणाले, "एकाच माणसाने बघितली तरी पुरे. माझ्या मुलाने."

त्यांचा मुलगा त्यांच्याच शेजारच्या स्टुलावर बसून तेरा वर्षे बूट करत होता. हात बापापेक्षाही साफ, असे त्यांनीच सांगितले. एकदा त्याने एक यंत्र आणायचे म्हटले. पाय त्यावर ठेवला की पायाचे चित्र आपोआप निघते, आणि त्यावरून कलबूत दुसऱ्या यंत्रावर कोरून घेता येते. म्हणजे आठवड्याला दोनाऐवजी सहा माणसांना बूट मिळतील. जोडेकाकांना राग आला. ज्याला दुसऱ्याचा पाय हातात घ्यायची लाज वाटते, त्याने हा धंदा करू नये, असे ते त्याला बोलले. मुलाने हातातले काम पूर्ण केले, हत्यारे पुसून ठेवली आणि गेला. पहिली दोन वर्षे तो कुठे आहे हे कळत होते. मग त्याने गाव बदलले, फोन बदलला. या गोष्टीला सात वर्षे झाली होती.

"लाज त्याला नव्हती," जोडेकाका म्हणाले. "ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी बोललो."

थोरलीने त्या दिवशी माझ्यावर फार लिहिले नाही. पहिल्या खणात दोन ओळी लिहिल्या, पाय दुखणाऱ्या माणसाला काय शोधावे लागते त्याबद्दल. मुलाबद्दल काहीच लिहिले नाही. ते गेल्यावर मात्र तिने धाकटीला बजावले की ही साइट गिऱ्हाइकांसाठीच नीट करायची. मुलगा याच धंद्यातला आहे. साइट चांगली झाली तर गिऱ्हाइकांच्या तोंडून त्याच्यापर्यंत जाईल. मुलासाठी म्हणून करायला गेलो तर गिऱ्हाईकही जाईल आणि मुलगाही.

नकाशा झटपट झाला. हिरवा लोहचुंबक तिसऱ्या खणात गेला आणि तिथे रुतला. मजकूर आणि फोटो जोडेकाकांनी आणायचे होते. ते आणतो म्हणायचे आणि आणायचे नाहीत. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. त्यांच्या मागून आलेले दंतवैद्य, मागून आलेली पोहण्याची शाळा, सगळे त्यांना ओलांडून सातव्या खणात पोचले. हिरवा लोहचुंबक जागच्या जागी.

धाकटीचा धीर सुटला. एका सकाळी ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मीच लिहून टाकते. दीर्घ अनुभव, ग्राहकांचा विश्वास, दर्जेदार सेवा. सगळ्यांचं तेच असतं."

"म्हणूनच नको," थोरली म्हणाली.

त्यावरून दोघींचे चांगलेच वाजले. धाकटीचे म्हणणे, आपण वेबसाइट करतो, लोकांची लग्ने जुळवत नाही. माणूस आणत नसेल तर किती थांबायचे? थोरलीचे म्हणणे, आपण गिऱ्हाइकांना सात खण सांगतो, मग एक खण आपणच गिळला तर उरलेल्या सहांना अर्थ काय. मौनीबाबा दाराशी येऊन उभा राहिला आणि त्या दिवसातले त्याचे बहुतेक सगळे शब्द खर्च करून म्हणाला की तुम्ही त्यांच्या दुकानात जाऊन तर बघा.

दुसऱ्या दिवशी थोरली गेली. परत आल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. मग धाकटीला तिने सांगितले की दुकानात दोन स्टुले आहेत. एकावर काका बसतात. दुसऱ्याच्या समोर हत्यारे मांडून ठेवली आहेत, आऱ्या, रापी, हातोडी. सात वर्षे कोणी कामाला न घेतलेली, पण एकावरही गंज नाही. दर शनिवारी काका त्यांना तेल लावतात. फोटो खोकेभर आहेत, पण प्रत्येकात मुलगा आहे, नाहीतर त्याच्या हातचा बूट, म्हणून ते खोकेच उघडत नाहीत. धाकटी उठून माझ्याजवळ आली. हिरवा लोहचुंबक तिरका झाला होता, तो तिने सरळ केला.

आठवड्याने जोडेकाका आले. बगलेत ते खोके होते. मजकूर मात्र कागदावर लिहून आणता आला नाही, म्हणाले. बसून लिहायला गेलो की हात चालत नाही. थोरलीने त्यांच्या हातात पेन दिले आणि माझ्याकडे बोट केले. ते उठले, माझ्यासमोर उभे राहिले आणि डाव्या हाताचा पंजा माझ्यावर टेकून लिहू लागले. हात किंचित थरथरत होता. किती माणसांनी माझ्यावर लिहिले, पण मला असे धरून कोणी लिहिले नव्हते. त्यांनी लिहिले:

"पाय सारखे नसतात. दोन माणसांचे नसतात, एका माणसाचेही नसतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्याकडे या, पाय दाखवा. बूट पायासारखा होईल, पायाला बुटासारखे व्हावे लागणार नाही. हे काम मी माझ्या वडिलांकडून शिकलो. माझ्या मुलाकडूनही थोडे शिकायचे होते, ते राहिले."

मौनीबाबाने ते जसेच्या तसे उतरवून घेतले. एक मात्रा इकडची तिकडे केली नाही. मग थोरलीने फडके हातात घेतले आणि त्यांना विचारले, "काका, पुसू का?" आजवर तिने हे कोणालाच विचारले नव्हते. ते हो म्हणाले. मला मात्र नको म्हणायचे होते.

त्यानंतर काम धावत सुटले. रूपाच्या खणात धाकटीने जीव ओतला. खोक्यातले फोटो निवडले. लहान मुलांच्या बुटांच्या पानासाठी तिला एक फार सुंदर जोडी सापडली, तांबड्या चामड्याची, एका बुटाचा तळ चार बोटे जाड. फक्त बुटांची टोके पानाच्या बाहेरच्या बाजूला होती. ती आत, मजकुराकडे वळलेली हवी, म्हणजे वाचणाऱ्याची नजर आत राहते. म्हणून तिने तो फोटो आरशात दिसावा तसा उलटवला. असे सगळेच करतात. पान छान दिसू लागले.

बांधणी झाली. झेरॉक्सवाल्या मावशींनी तपासणी केली आणि या वेळी त्यांचे बोट कुठेही अडले नाही. उलट त्या मजकूर वाचून डोळे पुसत खाली गेल्या. जोडेकाकांनीही सगळी पाने पाहिली आणि पसंती दिली. हिरवा लोहचुंबक सातव्या खणात गेला. पहिला महिनाभर साइटवरच्या फॉर्ममधून आलेला प्रत्येक निरोप आमच्या कार्यालयातही यायचा, सगळे नीट चालले आहे ना ते पाहायला. निरोप येऊ लागले. कोणाची मुलगी, कोणाची आई, अपघातातून उठलेला एक ट्रकचालक.

सोळाव्या दिवशी एक निरोप आला. मौनीबाबाने तो छापून माझ्या खोलीत आणला आणि टेबलावर ठेवला. नाव लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे, तर या माणसाने नावाच्या रकान्यात नुसते एक टिंब दिले होते. टिंबाला नाव समजणारा फॉर्म आपण केलाच कसा, असे मौनीबाबा आधी पुटपुटला. खाली एक फोन नंबर होता आणि तीन वाक्ये. थोरलीने ती मोठ्याने वाचली.

"मुलांच्या बुटांच्या पानावरचा फोटो उलटा लागला आहे. जाड तळ डाव्या बुटाला होता. दुरुस्त करावा."

धाकटीचा चेहरा पडला. ती लगेच उठली, आत्ता सरळ करते म्हणाली. थोरलीने तिला थांबवले आणि जोडेकाकांना फोन करून बोलावले.

ते आले. कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग खुर्ची न बघताच मागे बसले. नशीब, खुर्ची होती.

"तो बूट आम्ही दोघांनी मिळून केलेला शेवटचा," ते म्हणाले. "पान तपासताना त्या फोटोवरून मी नजर पटकन पुढे नेली. म्हणून मला दिसलं नाही. जाड तळ डावीकडे होता हे तिघांनाच ठाऊक आहे. मला, ज्या मुलीसाठी तो केला तिला, आणि ज्याने तो तळ बसवला त्याला."

धाकटीने रडवेल्या आवाजात माफी मागितली. चूक तिची होती, फोटो लगेच सरळ करते, म्हणाली.

"थांब बाळ, जरा थांब," जोडेकाका म्हणाले. "आधी मी त्याला सांगतो, की तुझं बरोबर आहे."

तिघेही बाहेर गेले आणि दार ओढून घेतले. खोलीत ते आणि मी एवढेच उरलो. त्यांनी नंबर दोनदा चुकीचा दाबला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडचे मला काही ऐकू येत नव्हते.

"मी बोलतोय," ते म्हणाले. मग खूप वेळ काहीच नाही. "तुझं बरोबर आहे. डावाच." पुन्हा काही नाही. "यंत्राचंही तुझं बरोबर होतं. त्याहून वाईट म्हणजे, मी जे बोललो ते खोटं होतं." आणि मग, अगदी हळू, "हो, जेवलो. हात? हात थरथरतो थोडा. नाही, कामाला अडत नाही."

दार उघडून ते बाहेर गेले तेव्हा मला त्यांची पाठच दिसली. येतो म्हणाला, असे ते थोरलीला सांगत होते. कधी ते नाही म्हणाला.

फोटो सरळ झाला. महिना संपला, हिरवा लोहचुंबक निघाला आणि मला वाटले, हीसुद्धा गोष्ट इथेच संपली. पण पाच-सहा महिन्यांनी थोरलीचा फोन वाजला. जोडेकाकांना साइटवर एक बदल हवा होता. दुकान आता रविवारीही उघडे असते, तेवढे लिहा, म्हणाले. थोरलीने विचारले की काका, या वयात सातही दिवस काम? त्यावर ते काहीतरी म्हणाले आणि ती हसू लागली. फोन ठेवून तिने धाकटीला सांगितले, "म्हणाले, सुट्टी एकट्या माणसाला लागते. दोघं असले की आळीपाळीने घेता येते." धाकटी माझ्याकडे पाठ करून खिडकीत जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती चष्म्याच्या दुकानाकडे बघत होती.

मित्रांनो, सुखाचे दिवस धरून ठेवायला मला हात नाहीत. त्यानंतर दोन वर्षांनी थोरलीच्या नवऱ्याची दूरच्या शहरात बदली झाली. ती तिथूनच काम करू लागली. बैठका पडद्यावर होऊ लागल्या. सुरुवातीला धाकटी कॅमेरा माझ्याकडे वळवायची, पण खिडकीचा उजेड माझ्यावर असा चमके की पलीकडे काही वाचता येत नसे. मग सात खण संगणकावर गेले. तिथे ते आपोआप सरकतात, आपोआप आठवण करून देतात, पुसले तरी परत आणता येतात. माझ्यापेक्षा ते हुशार आहेत, हे मी मान्य करतो. माझ्या जागी मोठा पडदा लागला आणि मला उचलून मागच्या खोलीत आणले. लोहचुंबक एका डबीत भरून माझ्या चौकटीवर ठेवले होते. तेही कुठेतरी गेले.

इथे उजेड येतो, पण वरच्या एका झरोक्यातून, संध्याकाळी थोडा वेळ. पलीकडच्या खोलीतले आवाज भिंतीतून येतात, शब्द कळत नाहीत. मी त्यातून थोरलीचा आवाज शोधत असतो. पडद्यातून आलेला तिचा आवाज पातळ असतो. ती अजूनही गिऱ्हाइकांना तिचा तो प्रश्न विचारत असेल का? उत्तर येईपर्यंत थांबत असेल का? पडद्यावर कोणी गप्प राहिले की लोकांना वाटते संपर्क तुटला, आणि ते लगेच ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, असे विचारू लागतात. हे वाक्य मात्र भिंतीतूनही स्पष्ट कळते.

परवा धाकटी इथे आली. कसलीशी वायर शोधत होती. तिच्या केसांत एक पांढरी बट आली आहे. फोनवर ती थोरलीशीच बोलत होती. नवीन गिऱ्हाईक बाईंचा बेकरीचा धंदा आहे, पण बोलता बोलता त्या मध्येच गप्प झाल्या, आणि धाकटीने घाईघाईने पुढचा विषय काढला, असे ती सांगत होती.

"मला तुझ्यासारखं गप्प बसायला जमत नाही गं, ताई," ती म्हणाली.

पलीकडून थोरलीने काय सांगितले, मला कळले नाही. धाकटी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिने ओढणीच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली, वरून खाली, एकेक पट्टा, जशी पूर्वी पुसायची. "बरं," ती म्हणाली. "उद्या त्यांना परत बोलावते. इथेच, समोर बसवते." मग वायर न घेताच ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्या, कपबशा वाजल्या, धाकटीचा आवाज आला आणि थांबला. नंतर बराच वेळ तिकडून काहीच ऐकू आले नाही. मी श्वास घेत असतो तर तेव्हा रोखून धरला असता. मग एक अनोळखी आवाज हळूहळू बोलू लागला, आणि बोलतच राहिला.

ती पुन्हा मला बाहेर नेईल की नाही, ठाऊक नाही. न्यावे असे फार वाटते, ते लपवून काय उपयोग? पण तुमच्याकडे मी एवढेच मागतो. तुमच्या शाळेत, घरात, कार्यालयात माझ्यासारखा एखादा असेल, तर त्याला खरखरीत फडक्याने घासू नका, त्याचे तोंड भिंतीकडे करून ठेवू नका. आणि कोणी माणूस तुमच्याकडून काही करून घ्यायला आला, तर त्याला आधी बसवा आणि विचारा. तो पाणी मागेल, खिडकीबाहेर बघेल, भलत्याच गोष्टी सांगेल. घाई करू नका. माणसाला खरोखर काय हवे असते, ते तो सगळ्यात शेवटी सांगतो.